लोखंडाचा हमाल आणि चोराची कडी

एका देहनगरीत एक हमाल होता. रक्ताच्या नदीतून घरोघर लोखंड पोचवणे हे त्याचे काम. उजव्या हातात एक गोळा, डाव्या हातात एक. हातातला गोळा वाटेत खाली ठेवायचा नाही, अशी तिथली रीत. लोखंडावाचून रक्त घडत नाही, आणि मोकळे पडलेले लोखंड कुणीही पळवतो.

नदीकाठी पेशींची घरे होती. लोखंड हवे असलेले घर दाराला एक वाकडी कडी लावी. हमालाच्या कमरेचा पट्टा कडीत बसला की दार उघडे. आत कोण राहते, हे विचारायची पद्धत नव्हती.

"कडी जुळली की झालं. माझा गोळा चुकीच्या घरी गेलाय कधी?" हमाल छाती काढून म्हणे.

एकदा नगरीत एक परजीवी शिरला. त्याच्या अंगात बळ नव्हते, पण हातात कसब होते. त्याने कोठार फोडले नाही. आपल्या पातळ कातडीतच त्याने दार कोरले आणि पेशींसारखी हुबेहूब कडी घडवून लावली.

हमालाने पट्टा अडकवला. खट्! दार उघडले.

"या दादा, किती दमलात! द्या गोळे इकडे," आतून गोड आवाज आला.

इतके लाघवी बोलणे हमालाने कधी ऐकले नव्हते. खूश होऊन त्याने आपल्या जोडीदार हमालालाही ते दार दाखवले. परजीवी गलेलठ्ठ झाला. एकाचे दहा झाले, दहांची दहा दारे झाली. इकडे रक्त घडवणाऱ्या भट्ट्या विझू लागल्या आणि नगरी फिकी पडली.

एक दिवस हमालाच्या डोळ्यांदेखत जोडीदार त्या दारातून आत गेला. आतून आवाज आला, "गोळ्यांबरोबर हमालही चवदार लागतो की!"

जोडीदार परत आला नाही.

हमाल पार कोसळला. गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळले नसते. पण तो थेट नगरीची लोखंडाची कोठी सांभाळणाऱ्या मावशीपुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी, चोराला लोखंड मीच पोचवलं. जोडीदाराला ते दारही मीच दाखवलं. हा घ्या पट्टा."

"वेडा रे वेडा!" मावशी म्हणाली. "ती दारं ओळखणारा तू एकटा उरलास, आणि पट्टा काढतोस? गप बांध तो."

तिने कोठी बंद केली. पण तेवढ्याने भागणार नव्हते. लोखंड थांबल्यावर नगरीच्या भट्ट्याही फार तर चार दिवस तग धरणार होत्या.

हमालाने विचारले, "मावशी, गोळा लोखंडाचाच आहे, हे तो चोर कशावरून ओळखतो?"

"दारातल्या खाचेत बसला की घेतला आत."

"म्हणजे तोही माझ्यासारखाच. आकार बघतो, वस्तू बघत नाही!"

मावशीचे डोळे चमकले. नगरीबाहेरच्या वैद्याने औषध म्हणून नदीतून एक परका धातू पाठवला होता. आकाराने लोखंडासारखाच, पण भट्टीत गेला की भट्टी कायमची विझवणारा. त्याचे गोळे घेऊन हमाल निघाला.

"उशीर केलात दादा! आज आत या की," परजीवी म्हणाला.

पण हमाल उंबऱ्याबाहेरच थांबला आणि हात लांब करून त्याने गोळे खाचेत सरकवले.

"घाईत आहे. पुढची नऊ दारं वाट बघतायत."

फेऱ्या मारून त्याने दहाही दारी गोळे दिले आणि परजीवींनी ते अधाशासारखे ओढून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटातल्या भट्ट्या विझल्या आणि चौथ्या दिवशी दहाही दारे निर्जीव झाली. मावशीने कोठी उघडली. नगरीच्या गालांवर पुन्हा लाली आली.

त्यानंतर कडी जुळली तरी हमाल उंबऱ्यावर थांबून विचारी, "आत कोण आहे?"

"अहो, रोज काय तेच? मला ओळखत नाही का?" एक जुनी पेशी करवादली.

"ओळखतो, वहिनी. तरी सांगा."

तात्पर्य एवढेच: जुळणारी कडी म्हणजे ओळख नव्हे. न पाहता देणारा साव फसतो आणि न पाहता घेणारा चोरही फसतो. पण आपली चूक कबूल करणाराच त्यातून वाट काढतो.