महाराजांची कात्री आणि येसूचा कागद

महाराजांना येसूचा कागद नको होता, त्यावरची सही तेवढी हवी होती. सगळं नडलं ते तिथंच!

भैरोजीराव महाराजांना जुने कारभारी आणि न्यायाधीश यांच्या सह्या जमवायची भारी हौस. मिळेल त्या कागदावरून सही कापायची, सोनेरी चौकटीत लावायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. वर काय लिहिलंय ते वाचण्याच्या भानगडीत ते पडत नसत. हरिहरशास्त्री न्यायाधीशांची सही मात्र त्यांना कुठंच मिळेना, आणि ती निघाली येसू नावाडणीकडे. नदीच्या उतारावर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवायचा हक्क शास्त्रीबुवांनी तिच्या पणजोबांना दिला होता, त्याचा तो निवाडा. पैलतीरच्या पाटलाचा त्या हक्कावर कधीपासून डोळा होता. कागद बिघडला की होडी गेलीच.

येसूने दरबारात हात जोडून हे सगळं सांगितलं. महाराजांना त्यात अडचणच दिसेना.

"अगं, मजकूर सगळा तुझ्याकडेच राहणार. खालची दोन बोटं पट्टी गेली तर काय बिघडतं? बिघडतं असं आत्ता इथं दाखव, नाहीतर कात्री चालणार."

त्यांनी तसा हुकूम लिहवून घेतला, सही ठोकली आणि दफ्तरदार गणोपंतांपुढे कात्री ठेवली. येसूने हुकूम एकदा बघते म्हणून मागून घेतला, कात्री उचलली आणि महाराजांची सही अलगद कापून कनवटीला खोचली! उरलेला कागद तिने पंतांच्या हातात दिला.

"मजकूर जसाच्या तसा आहे, पंत. बजावा हुकूम."

कागद आधी खालून बघायचा, ही पंतांची तीस वर्षांची सवय. त्यांनी चष्मा सावरला आणि मान हलवली. बिनसहीचा हुकूम त्यांना चालत नव्हता.

"अहो, मी समोर बसलोय! मी सांगतोय!" महाराज कडाडले.

"तोंडी हुकूम बजावू नये, असा सरकारांचाच हुकूम आहे," पंत शांतपणे म्हणाले. "सहीनिशी."

हसावं की पळावं, दरबारात कुणाला कळेना. मग महाराजच हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. निवाडा त्यांनी येसूला परत दिला, पाटलाला तिथंच ताकीद धाडली आणि आपली सही परत मागितली.

"राहू द्या की, महाराज," येसू म्हणाली. "मलाही हौस लागली."

महाराज पुन्हा खदखदले आणि तिला नवी कोरी होडी बक्षीस दिली. त्या हुकमावर गणोपंतांनी दोन सह्या घेतल्या, एक खाली आणि एक वर.