शाकारणीची रांग

“मग यांच्यात मुख्य कोण?”

अनंतबुवांनी विचारलं आणि शार्दूल खुलला. मघापासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

“मुख्य कुणीच नाही, बुवा. तीच तर गंमत आहे.”

राजापूरजवळच्या या मठात तो बुवांच्या हाताखाली लहानाचा मोठा झाला. आता पुण्यात त्याची चिप बनवणारी कंपनी आहे. इमारतीतल्या प्रत्येक दिव्याला, पंख्याला, दाराला एकेक चिप. वायर नको. एकीने निरोप शेजारणीला द्यायचा, तिने पुढचीला. मधली बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो. आणि निरोप दिला की चिप झोपते, म्हणून एवढासा सेल तिला वर्षानुवर्षं पुरतो.

“शहाण्या आहेत,” बुवा म्हणाले.

त्या दिवशी मठाची शाकारणी होती. पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा चढवायची. शार्दूल कधी शाकारणी चुकवत नसे. नेमकी त्याच दुपारी पुण्यात एका नव्या इमारतीत चिपची चाचणी होती. साधली तर कंपनी तरणार, फसली तर दाराला कुलूप. तरी पठ्ठ्या आला. फोन होता ना हातात!

अंगणापासून शिडीपर्यंत माणसं रांगेत उभी राहिली आणि कौलं हातोहात सरकू लागली. शार्दूलपाशी मात्र येऊन अडायची. तो प्रत्येक कौल वाजवून बघायचा. त्यात फोन. त्याची भागीदार मृण्मयी काहीही विचारो, याचं उत्तर एकच, मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नकोस. इकडे रांगेत त्याच्या आधी उभ्या असलेल्या गोदूकाकूंच्या हातात कौलांची चळत साचली. मुलगी बघायला आलायस की कौलं द्यायला, असं त्यांनी विचारलंच.

बुवा आले. नुसता हात पुढे केला.

“बुवा, तिथे माझ्यावाचून पान हलत नाही...”

हात तसाच.

शार्दूलने फोन दिला. बुवांनी तो बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. रांग चालू लागली. सुरुवातीला त्याचा सगळा जीव त्या डब्यात होता. मग हात आपोआप घेऊ लागले, देऊ लागले, आणि कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं.

उन्हं कलली, छप्पर शाकारून झालं. बुवांनी फोन परत दिला. सुरू करताच मृण्मयीचा निरोप दिसला. इमारतीच्या मालकांनी मुद्दाम मधली एक चिप उपटली, तरी वरचे दिवे लागले. काम आपल्याला मिळालं. तुझा फोन लागेना, म्हणून आम्हीच काय ते ठरवलं.

शार्दूल हसला. आनंद तर मोठाच होता, पण आत कुठेतरी टोचत होतं.

“बुवा... माझ्यावाचून झालं की हो सगळं.”

बुवांनी ओटीवर घोंगडी अंथरली. उशाला आपलं उपरणं गुंडाळून ठेवलं.

“निरोप पुढे गेला ना? मग आता झोप.”