चिठ्ठीच्या पाठीवर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आजोबांनी बजावलं होतं. तरी सांगते.

विश्रामआजोबा इनामदारसाहेबांची जुनी निळी मोटार चौतीस वर्षं चालवत होते. मोटार देखणी, पण भारी लहरी. सांगलीच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात त्यांनी ती आणून लावली, तोच साहेबांनी त्यांच्या हातात कामावरून काढल्याची चिठ्ठी ठेवली.

“उद्यापासून येऊ नकोस. वय झालं तुझं. नवा माणूस ठेवलाय.”

आजोबा फडकं धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात परीक्षक आले. मोटारीच्या लहरी त्यांच्याही कानावर होत्या.

“इतकी रुसते, तर नवं इंजिन का नाही बसवत?”

साहेब छाती काढून म्हणाले, “जुनं झालं म्हणून टाकून देतो, त्याला मी माणूसच म्हणत नाही.”

आजोबांनी चिठ्ठी पुढे केली. “साहेब, एवढं वाक्य हिच्या पाठीवर लिहून सही करता? नातीकडून रोज वाचून घेईन.”

परीक्षकांनी चिठ्ठीची पुढची बाजू वाचली आणि आपलं पेन साहेबांपुढे धरलं. साहेबांना सही करावी लागली.

नोकरी राहिली. आठ दिवसांनी साहेबांनी मोटारच एका हॉटेलवाल्याला विकली.

“तुझी नोकरी आहेच की,” ते म्हणाले. “गॅरेज झाडत जा.”

आजोबा रोज रिकामं गॅरेज झाडतात. काल मी पाहिलं, झाडू भिंतीला टेकवून ते मोटारीच्या दारापाशी उभं राहावं तसे उभे होते, आणि त्यांचा हात हवेतच

“काय लिहितेस गं एवढं? इकडे ये.”

आले, आजोबा.