तसं विशेष काही नाही

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना एक वाक्य ऐकवायला आला. वाक्य त्याने चांगले घोटून तयार केले होते. शिष्याचे नाव दामोदर. शेजारच्या गावातल्या वेणूवर त्याचे मन जडले होते, तिचेही त्याच्यावर, आणि येत्या आठवड्यात तिचे वडील बोलणी करायला येणार होते.

अडचण एकच, पण ती लहान नव्हती. दामोदरच्या घराण्यात एक आजार चालत आला होता. चाळिशी उलटली की हातापायांना आपोआप हिसके बसू लागत, पुढे जीभ अडखळे, मग स्मरण जाई, आणि औषध कोणतेच लागू पडत नसे. आजोबा त्यातच गेले. वडील आता त्याच वाटेवर होते, आणि पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतले जाई. दामोदरला हा आजार होईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. होण्याची जितकी शक्यता, तितकीच न होण्याची.

आईने त्याला बजावले होते, की कोणी विचारलेच तर 'तसं काही नाही' म्हणायचे आणि चहाचे विचारायचे. सोयरिकीच्या बैठकीत हे तीन शब्द किती कामाला येतात, हे काय तुम्हाला सांगायला हवे? पण वेणूशी खोटे बोलणे दामोदरच्या जिवावर आले होते. म्हणून त्याने मधली वाट काढली. "बाबांची प्रकृती जरा नाजूक असते, पण तसं विशेष काही नाही," असे तो तिला सांगणार होता. यात खोटे काही नाही आणि तिला उगीच धसकाही बसणार नाही, असे त्याचे म्हणणे. गुरुजींनी ते ऐकून घेतले आणि काठी उचलून त्याला ओढ्याकडे घेऊन गेले.

ओढ्याचे पाणी गढूळ होते, तळ दिसत नव्हता. गुरुजींचे सारे आयुष्य याच काठावर गेलेले. दामोदरने त्यांना विचारले, की इथे पाणी खोल आहे का?

"तसं विशेष नाही," गुरुजी म्हणाले.

दामोदरने धोतर गुडघ्यापर्यंत खोचले आणि निर्धास्त पाय टाकला. थोडे पुढे गेला आणि पायाखालची जमीनच नाहीशी झाली. गटांगळी खाल्ली, नाकातोंडात पाणी गेले, हातपाय मारत कसाबसा परतला. गुरुजींनी काठी पुढे करून त्याला वर ओढले. गुरुजींसमोर इतक्या वर्षांत कधी न चढलेला दामोदरचा आवाज त्या दिवशी चढला.

"इथे डोह आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं. तुला पोहता येतं, हेही ठाऊक होतं. नाहीतर उतरू दिलं नसतं." गुरुजींनी खांद्यावरचे उपरणे त्याला अंग पुसायला दिले. "आता मला सांग, राग कोणाचा आला? पाण्याचा?"

"तुमचा."

"बरोबर आहे. डोह असणं हा काही ओढ्याचा अपराध नाही. तुमच्या घरातला आजारही तू आणलेला नाहीस, त्याची लाज वाहू नकोस. पण 'तसं विशेष नाही' हे शब्द काही वाडवडिलांकडून रक्तात आलेले नाहीत, ते तू स्वतः निवडलेस. मी खोली सांगितली असती, तर तू वळसा घेतला असतास, नाहीतर धोतर डोक्याला बांधून पोहत गेला असतास. किंवा सरळ घरी परतला असतास. काय करायचं ते तुझं तू ठरवलं असतंस. ते ठरवणं मी तुझ्याकडून काढून घेतलं."

दामोदरने ओले उपरणे पिळून काठावर पसरले. मग त्याने विचारले, "आणि ती परत फिरली तर?"

"तर तुला फार दुःख होईल," गुरुजी म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

दामोदर उठला आणि ओल्या कपड्यांनिशी त्याने तडक वेणूच्या गावाची वाट धरली. घरी आधी गेलो तर आई अडवील, हे तो जाणून होता. वेणू मळ्यात निशिगंध खुडत होती. तिला समोर बसवून त्याने आजोबांचे सांगितले, वडिलांचे सांगितले, स्वतःचे सांगितले, आणि मुले झाली तर त्यांच्याही वाट्याला हे येऊ शकते, तेही सांगितले. ठाऊक नव्हते तिथे 'ठाऊक नाही' म्हणाला. वेणू रडू लागली तेव्हा दोन गोड शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"हे आज का सांगताय?" तिने विचारले.

"अजून तुला नाही म्हणता येतं म्हणून."

विचाराला वेळ हवा, असे ती म्हणाली. बोलणी लांबली. घरी येऊन दामोदरने आतल्या खोलीचे दार उघडले, वडिलांना धरून बाहेर आणले आणि ओसरीवर बसवले. लोक काय म्हणतील, म्हणून आई कळवळली. तो म्हणाला, म्हणू देत. दिवसामागून दिवस गेले, वेणूचा निरोप नाही. हातचे स्थळ घालवलेस, असे आई रोज म्हणे. त्याची झोप उडाली, जेवण सुटले, पण वडिलांना परत आत नेण्याचे काही त्याने मनात आणले नाही.

एका सकाळी वेणू वडिलांना घेऊन दारात उभी राहिली. आधी ओसरीवर गेली, दामोदरच्या वडिलांच्या पाया पडली आणि त्यांच्या जवळच बसली. त्यांच्या हातांना हिसके बसत होते. मग ती दामोदरच्या आईकडे वळली.

"सगळा विचार करून आलेय मी. भीती वाटते, नाही असं नाही. पण यांनी आधी सगळं सांगून मला विचारलं, म्हणून हो म्हणायला आलेय."

आई मटकन उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत कोणासमोर न रडलेली ती बाई पदर तोंडाला लावून रडू लागली.

"मला नव्हतं गं कोणी विचारलं," ती म्हणाली.

वेणू उठली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.