ओल्या खळीवरचं गाणं

चूक बापाची होती. गोष्ट फार फार जुनी आहे. तेव्हा राजा कोण होता तेही आता कुणाला आठवत नाही. पण चूक कुणाची होती, ते विसरायचं काही कारण नाही.

नदीकाठी विणकरांची एक वस्ती होती. घराघरात माग, आणि मागावर गाणं. एका मागावरून कुणी ओळ टाकायचं, शेजारच्या मागावरून दुसऱ्यानं ती पुरी करायची. टाकलेली ओळ तशीच पडू द्यायची नाही, अशी तिथली रीत. भांडण असलं तरी आधी ओळ उचलायची, मग पुन्हा भांडायचं.

वस्तीतला सगळ्यात नावाजलेला विणकर म्हणजे आबा. त्यानं एक नियम काढला. "आपली लुगडी नवऱ्या मुली नेसतात. रडकं गाणं सुतात उतरतं. मागावर गायचं ते फक्त आनंदाचं." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

आबाला दोन मुलं. थोरला येसू, धाकटी गोदू. येसू गायला लागला की पाणवठ्यावरच्या बाया घागरी भरूनही तिथंच रेंगाळत.

एका वर्षी येसूच्या मागावरचा धोटा, आडवं सूत नेणारा, थांबला. ताप नाही, खोकला नाही. तो नुसता बसून असायचा. समोर भाकरी ठेवली की भाकरीकडे बघत राहायचा.

"ऊठ की," आबा म्हणायचा. "चांगला धडधाकट आहेस. तुझ्या वयात मी दिवसाला अख्खं लुगडं उतरवायचो."

हे खोटं होतं. दिवसाला अख्खं लुगडं कुणाच्याच बापाच्यानं उतरत नाही.

वडीलधाऱ्यांकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, दृष्ट काढा. दुसरा म्हणाला, लग्न करून द्या. तिसरा म्हणाला, चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप उठेल. जो जेवतच नव्हता, त्याला हे उपाशी ठेवणार होते!

गोदू मात्र त्याच्यापाशी बसायची. त्याचे केस विंचरायची. "दादा, उवा सापडल्या तर वस्तीभर सांगेन हं." येसू थोडासा हसायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

एका सकाळी तो हसला नाही. "गोदे," तो म्हणाला, "माझा माग कुणालातरी देऊन टाका. मी नसलो तरी कुणाचं काही अडत नाही."

गोदूनं फणी खाली ठेवली. तिनं त्याला हाताला धरून ओसरीवर आणून बसवलं, आणि ती बाहेर धावली.

बाहेर गल्लीत त्या दिवशी खळ चालली होती. नव्या लुगड्यांचं सूत गल्लीभर ताणून बांधलं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचल्यांनी त्यावर तांदळाची पेज चढवत होती. खळ ओली असेपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. सोडला की सूत एकमेकांना चिकटतं आणि सगळा ताणा वाया जातो. ताण्याचं टोक आबाच्या हातात होतं.

"आबा, दादा म्हणतो, तो नसला तरी चालेल. मला भीती वाटतेय हो."

"नाटकं आहेत त्याची," आबा दबक्या आवाजात म्हणाला. "आणि हे कुठं बोलू नकोस. घराण्याचं नाव जाईल."

"बोलू नको? बरं. नाही बोलत."

तिनं एक कुंचला उचलला, ती रांगेत उभी राहिली आणि तिनं ओळ टाकली.

"उजाडलं बाई, माझ्या दादाला दिसेना..."

"ए पोरी!" आबा ओरडला. पण टोक सोडून तो येणार कसा?

कुंचले चालत राहिले. मग शेजारच्या सगुणाकाकूनं सुतावरची नजर न उचलता ओळ पुरी केली.

"डोळे धड बाई, परी पापणी उचलेना."

"काकू, तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाळंतपणानंतर वर्षभर मी अशीच होते गं. सांगायची सोय कुठं होती?"

गोदूनं पुढची ओळ टाकली. "पुढ्यात भाकरी, त्याची भूक कुठं गेली?"

पलीकडून वस्तीतल्या सगळ्यात दांडग्या गड्याचा आवाज आला, चांगलाच कापरा. "माझीबी गेली होती, कुणी चौकशी ना केली."

गोदू ओसरीकडे वळली. "जड झालं दादा, तुझं ओझं सांग मला..."

ओळ पडणार असं वाटलं. मग ओसरीवरून येसूचा आवाज आला, गंजलेला, बारीक.

"दगड दिसत नाही, पण छातीवर ठेवला."

गाण्यानं येसू बरा झाला नाही. गाण्यानं फक्त वस्तीला त्याचं दुखणं कळलं. मग काकूनं त्याला आपल्या घरी नेलं. दांडगा गडी नदीपलीकडच्या वैद्याला घेऊन आला. वैद्यानं औषध दिलं आणि सांगितलं, "हा आजार आहे, आळस नव्हे. याला एकटं सोडू नका." वस्तीनं सोडलं नाही. बरं व्हायला वेळ लागला. पण एके दिवशी येसूनं आपणहून भाकरी मागितली, आणि काकू पदरात तोंड लपवून रडली.

त्या ताण्याची लुगडी लग्नांत नेसली गेली. नवऱ्या मुली मजेत नांदल्या. सुतात काही उतरलं नव्हतं.

मनाच्या दुखण्याला आधी शब्द द्यावेत. ज्या घरात रडकं गाणं बंद असतं, तिथं माणूस मुक्यानं बुडतो.

येसू पुढं पुष्कळ वर्षं जगला, विणत राहिला, गात राहिला, पण काकूच्या मागावर. आबा रोज भिंतीपलीकडून एक ओळ टाकायचा. रीत होती म्हणून कुणी ना कुणी ती पुरी करायचं. येसूनं एकदाही केली नाही.