आव्यातली भेग

त्या मुलुखात सगळी मातीची भांडी राहत असत, आणि त्यांना दोन गोष्टींची भीती वाटे: अंगाला भेग जाण्याची आणि पोटातलं पाणी संपण्याची. खरं तर या दोन भीती नव्हत्याच, एकीच्या पाठोपाठ दुसरी येई. झरा एकच होता आणि तोही थेंब थेंब गळणारा. एक घागर काठोकाठ भरायला तीन महिने लागत. रिकाम्या भांड्याला ऊन पुन्हा भाजून काढी, आणि दुसऱ्यांदा भाजलेल्या मातीवर कुठलाच लेप धरत नसे.

लेप लावण्याचं काम एका दगडी खलाकडे होतं. चुना आणि बेलफळाचा गर पाण्यात घोटून तो भेग अशी बुजवी की बोट फिरवलं तरी सापडू नये. लेपाला पाणी लागे आणि मोबदलाही तो पाण्यातच घेई. त्याला स्वतःला भेग जात नसल्यामुळे दुसऱ्याच्या भेगेकडे तो अगदी शांतपणे पाहू शके. या शांतपणाचं सगळे कौतुक करत.

फार पूर्वी एका वाईट उन्हाळ्यात निम्मी वस्ती तडकली. मोबदला द्यायला कोणाकडेच पुरेसं पाणी नव्हतं. तेव्हा उरलेल्यांनी मिळून एक मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरला आणि ठरवलं की आठवड्यातून एकदा प्रत्येकाने त्यात एक घोट ओतायचा. ज्याला भेग जाईल त्याचा मोबदला रांजण देईल. त्या दिवसाला घोटवार म्हणू लागले. रांजणावर देखरेखीला झाकण्या नेमल्या. झाकणीला पोट नसतं, म्हणून ती पाणी पिणार नाही, असा साधा हिशेब होता. तो खोटाही ठरला नाही. फक्त पोट नसलेल्याला तहानेचं काय कळणार, हे कोणी विचारलं नाही.

या वस्तीत येसू आणि तानी नावाच्या दोन घागरी होत्या. एकाच गोळ्यातून एकाच दिवशी चाकावर चढलेल्या. येसू आधी उतरली म्हणून थोरली, तानी मागून उतरली म्हणून धाकटी आणि चार बोटं बुटकी. त्या गोळ्यातलं तिसरं कोणी नव्हतं. येसू अकरा वर्षं न चुकता घोटवार पाळत आली होती आणि या अकरा वर्षांत तिचा साधा टवकाही उडाला नव्हता. तानीने रांजणात एक थेंबही टाकला नव्हता. तिचा काठ एकदा फुटला तेव्हा ती सरळ खलाकडे गेली, दोन घोट मोजले आणि संध्याकाळच्या आत घरी आली. तेव्हापासून तिला जरा शिंगंच फुटली होती.

“अक्का, माझं पाणी माझ्या पोटात असतं,” ती म्हणे. “तुझं कुठं असतं, ते तुलाही ठाऊक नाही.”

येसू चिडत नसे. शेजारच्या सुरईची अख्खी मान तुटली होती आणि रांजणाने ती बसवून दिली होती, हे ती आठवण करून देई. सुरईच्या पोटातलं सगळं पाणी घातलं असतं तरी ते काम झालं नसतं, आणि हे तानीलाही नाकारता येत नसे. मग येसू हळूच म्हणे, “रोज उठून भ्यायचं, त्यापेक्षा घोटवारी एकदाच भिऊन मोकळं व्हावं.” तानी हसे. पण उन्हाळा चढू लागला की तिला या वाक्याचा हेवा वाटे.

त्या वर्षी वैशाखाच्या आधीच झळा सुरू झाल्या. एका दुपारी दोघी बहिणी झऱ्यावरून परतत असताना येसूच्या अंगातून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. दोघी जागच्या जागी थांबल्या. येसूच्या पाठीवर गळ्यापासून कमरेपर्यंत एक रेघ उतरली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. तानी रेघेभोवती फिरून फिरून पाहू लागली. येसू मात्र तिलाच धीर देत होती. रांजण आहे ना आपला, असं ती दोनदा म्हणाली.

खलाने भेग पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “रांजणाचं की पोटाचं?”

येसूने अभिमानाने रांजणाचं म्हणून सांगितलं. रांजणाचं असेल तर चाळीस घोट, झाकणीची खूण असलेलं खापर घेऊन या, असं खल म्हणाला. तानीने सहज विचारलं की पोटाचं असतं तर किती. खल जरा घुटमळला, मग चौदा म्हणाला. एकाच भेगेचे दोन भाव कसे, हे तानीला विचारायचं होतं, पण येसूने तिला पुढे ढकललं. अकरा वर्षं पाणी ओतल्यावर आता पोटातलं कशाला काढायचं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते वावगं नव्हतं.

रांजण वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होता. वाटेत येसू गळत राहिली. तानी बुटकी होती, ती बहिणीच्या कमरेखाली तोंड वर करून तिरकी तिरकी चालू लागली. थेंब तिच्या तोंडात पडत होते. काही पडले, बरेचसे मातीत गेले. वाटेवरची भांडी त्यांना पाहून बाजूला होत होती. कोणी विचारपूस केली नाही, कारण दुसऱ्याच्या भेगेकडे फार वेळ पाहिलं तर आपल्यालाही जाते, असा तिथे समज होता.

तिथली आणखीही एक रीत होती. कोणालाही भेग गेली आणि कोणी चौकशी केली, तर “आव्यातलीच आहे” असं म्हणायचं. म्हणजे आव्यात भाजतानाच आलेली, जुनी, कोणाचा दोष नाही, काळजी करू नका. उन्हाचं नाव घेतलं तर ऊन ऐकतं आणि आणखी तापतं, म्हणून ते नाव टाळायचं. मान तुटून पडलेली सुरईसुद्धा आव्यातलीच आहे म्हणाली होती. लहान बोळक्यांना बोलायला शिकवतात तेव्हा हेच आधी शिकवतात.

झाकणी आदराने बोलली. तिने येसूचं नाव विचारलं, घोट मोजले, एकही चुकलेला नाही म्हणून शाबासकी दिली. तिच्या मागे खापरांची रास होती. फुटून गेलेल्या भांड्यांच्या तुकड्यांवरच तिथे सगळ्या नोंदी होत. एक कोरं खापर पुढे ओढून तिने मान वर न करता विचारलं, “भेग कधीची?”

“आव्यातलीच म्हणायची, बाई,” येसू म्हणाली.

झाकणीने ते लिहून घेतलं. मग लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि तिचा आवाज उतरला. पहिल्या घोटाच्या आधीची भेग रांजणाकडे येत नाही, असं तिने सांगितलं. येसूला आधी काही कळलंच नाही, ती मान हलवत राहिली. तानी मात्र उसळली. ही म्हणायची रीत आहे, सगळेच असं म्हणतात, भेग आज दुपारी माझ्यासमोर गेली, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं.

“असेल हो,” झाकणी म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. “पण मी झाकणी. कानावर आलं तेवढंच मी झाकते. भेग आव्यातली नव्हती असा आव्याचा दाखला आणा, मी आत्ता खूण करते.”

आवा एकदाच पेटतो. भांडी निघाली की तो मोडतात आणि राख वाऱ्यावर जाते. हे त्या तिघींनाही ठाऊक होतं. बाहेर आल्यावर येसू म्हणाली की चूक आपलीच, आपण नीट बोलायला हवं होतं. तानीला तिचा इतका राग आला की तिला रडू फुटलं.

खलाकडे परत पोहोचेपर्यंत रेघ कमरेच्या खाली गेली होती. खलाने पाहिलं आणि आता पोटाचेही तीस घोट पडतील म्हणाला. त्यात लबाडी नव्हती, भेग खरोखरच दुप्पट झाली होती. येसूच्या पोटात पाच घोट उरले होते. तानीच्या पोटात अठ्ठावीस होते. त्यातले काही वाटेत येसूकडूनच आलेले होते, पण ते वेगळे काढायची सोय नव्हती. अर्ध्या भेगेला अर्धा लेप लावाल का, असं तिने विचारलं. अर्धी बुजवली तर उरलेली रात्रीत फाकेल, असं खल शांतपणे म्हणाला.

“तानी, ओतू नको,” येसू म्हणाली. “तू रिकामी झालीस तर मला बरी होऊन काय करायचंय?”

तानी थोर मनाची वगैरे नव्हती. तिला फक्त त्या गोळ्यातली एकटीच उरायची भीती वाटली, आणि ही भीती ऊन आणि भेग दोन्हींपेक्षा मोठी निघाली. ती कलली. तिचे सव्वीस घोट खलाच्या कुंडीत गेले आणि येसूचे चार. आपल्या अंगातून एवढं पाणी जाताना कसा आवाज येतो, तो तिने प्रथमच ऐकला. तिच्याकडे दोन घोट उरले, येसूकडे एक. लेप बसला. तीन दिवस सावलीत राहायचं, लेपाला वारा लागू द्यायचा नाही, असं खलाने बजावलं. आता काम झालं होतं, म्हणून तो पुढच्या भांड्याकडे वळला.

दुसऱ्याच दिवशी घोटवार होता. येसूची हकिगत घरोघर गेली होती, आणि तानीला वाटलं होतं की आज रांजणाकडे चिटपाखरू फिरकणार नाही. झालं उलटंच. कधी न येणारी भांडीसुद्धा आली. रांग झऱ्यापर्यंत लांबली होती. अकरा वर्षं ओतून एका शब्दावर गेलं, तर न ओतणाऱ्याचं काय होईल, हाच विचार प्रत्येकाला तिथे घेऊन आला होता. तानीही रांगेत होती. पुढच्या वेळी पोटाचं म्हणायला तिच्याकडे पोटात काही उरलंच नव्हतं. येसूला सावलीत निजवून ती आपले दोन घोट सांभाळत आली होती.

झाकण्यांनी त्या दिवसापासून नवा नेम केला होता. घोट घेण्याआधी प्रत्येक भांड्याला टिचकी मारून पाहायची. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं किंवा कुठे रेघ दिसली तर नाव खापरावरून खरवडून टाकायचं. टिचक्यांचा आवाज पुढून मागे येऊ लागला.

ऊन वर आलं. रिकामं अंग लवकर तापतं, हे तानीला ऐकून माहीत होतं. तिच्या पाठीत काहीतरी चावल्यासारखं झालं आणि मग तिथे ओल जाणवली. तिला मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. पण तिच्या मागे उभ्या असलेल्या डेऱ्याने ते पाहिलं होतं. तो एक पाऊल पुढे सरकला आणि त्याने आपलं भलं मोठं पोट तिच्या पाठीवर घट्ट टेकवलं. ओल थांबली. तानीला वाटलं, हा किती चांगला. मग डेरा तिच्या कानाशी कुजबुजला, “पुढं सरक, बाई. माझ्या मागचीला जागा हवी.”

तानीने समोर पाहिलं. तिच्या पुढच्या मोग्याच्या पाठीवरही एक बारीक ओली रेघ होती. तिने आपलं पोट त्या रेघेला लावलं. मोगा आधीच त्याच्या पुढच्याला चिकटला होता. पार पुढपासून रांग अशीच खेटून उभी होती, आणि इतक्या चेपून उभ्या असलेल्या भांड्यांवर टिचकी मारली तर आवाज बद्दच येतो. सगळीच बद्द वाजत होती, त्यामुळे भेगेचं कोण आणि धड कोण हे झाकणीला उमगेना, आणि तिला कोणाचंच नाव खरवडता येईना. तिला पाठी दिसत नव्हत्या, नुसत्या कडा दिसत होत्या. ती तानीला टिचकी मारून डेऱ्याकडे गेली. रांगेच्या शेपटाकडे आता थोडीच भांडी राहिली होती.

वारा सुटला. तानीने मोग्याला न सोडता मान वळवता येईल तेवढी वळवली. रांगेच्या अगदी शेवटी, सावलीतून उठून, अकरा वर्षांच्या सवयीने आपला उरलेला एक घोट घेऊन येसू येऊन उभी राहिली होती. तिने आपलं पोट पुढच्या गाडग्याच्या पाठीला नीट लावलं होतं. पाठीवरचा लेप ओला होता, आणि तिच्या मागे कोणी नव्हतं.