बुरुजावरचा माठ

फार जुनी गोष्ट. नदीकाठी एक राज्य होतं आणि तिथल्या बुरुजावर एक रीत होती.

पहिल्या पहारेकऱ्याने फक्त दिसेल ते सांगायचं. दुसऱ्याने मनाला कसं वाटलं ते, तिसऱ्याने दिसलेल्या गोष्टीचं नाव, आणि चौथ्याने अर्थ लावायचा. मगच राजाने हुकूम द्यायचा. बोलण्याआधी प्रत्येकाने माठातलं घोटभर पाणी प्यायचं. तेवढ्यात नीट पाहूनही होई.

नव्या राजाला हा खोळंबा सोसवेना. त्याने माठच तिथून हलवला. शिवाय चौथ्याला मानाचं पागोटं बांधलं, कारण त्याच्या गोष्टी रंगतदार असत! पहिला पहारेकरी म्हातारा होता, तो मनातून धुमसत राहिला. उतावळेपणाला चपळाई म्हणायचं, ही कुठली अक्कल?

एके दुपारी पैलतीरावर काही हललं.

"धूळ उठली आहे," म्हातारा म्हणाला.

"छातीत धस्स झालं," दुसरा म्हणाला.

"घोडे!" तिसरा ओरडला.

"शत्रूचे घोडे! सूड घ्यायला आलेत. पूल ओलांडला की संपलंच सगळं," चौथ्याने एका दमात सांगून टाकलं.

"पूल तोडा!" राजा गरजला.

"महाराज, अजून नुसती धूळच आहे हो! ती जरा खाली बसू द्या," म्हातारा कळवळून म्हणाला.

"तू गप्प बस."

दोरांवर कुऱ्हाडी पडल्या आणि झुलता पूल नदीत कोसळला.

मग धूळ बसली. पलीकडे राजाचेच स्वार उभे होते आणि त्यांच्याबरोबर सुईण होती. राणी सकाळपासून बाळंतपणात अडली होती. सुईणीला आणायला राजानेच स्वार धाडले होते, पण भीतीच्या भरात त्याला ते आठवलंच नाही. नदीला ओढ फार होती. सुईण काठावर नुसती हात चोळत राहिली.

संध्याकाळी महालातून राणीचा हंबरडा ऐकू आला. बाळाचं रडणं काही आलं नाही.

राजा म्हाताऱ्यावर धावून गेला. "पहिली नजर तुझी होती! तुला दिसलं नाही?"

"मी धूळ पाहिली, धूळ सांगितली," म्हातारा संतापाने म्हणाला. "शत्रू मला दिसलाच नव्हता, महाराज. तो तुमच्या मनात तयार झाला. घोटभर पाण्याचाही धीर नव्हता तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी राजाने स्वतःच्या हातांनी माठ भरून ठेवला. पाळणा मात्र रिकामाच राहिला.

तात्पर्य: डोळ्यांना दिसलेलं आणि मनाने रचलेलं यांच्यामध्ये जो क्षणभर थांबत नाही, तो आपल्याच माणसांची वाट तोडतो.